अंतराळातली ३० वर्षं प्रयोगशाळेत कशी आणायची?

उपग्रहाच्या अँटेनाचा किंवा सौर पॅनेलचा सांगाडा बऱ्याचदा कार्बन फायबर आणि इपॉक्सीच्या कॉम्पोझिटचा असतो. हलका, मजबूत, तापमान बदललं तरी फारसा न आकसणारा. पण सुमारे ३६,००० किमी उंचीच्या भूस्थिर कक्षेत वर्षानुवर्षं इलेक्ट्रॉनांचा मारा सोसल्यावर तो तसाच राहतो का?

कार्बन फायबरला फारसं काही होत नाही. मार बसतो तो इपॉक्सीला. त्याच्या साखळ्यांमधले बंध तुटतात, हे चेन सिझन. काही तुटकी टोकं शेजारच्या साखळीला जोडली जातात, हे क्रॉस-लिंकिंग. पहिल्याने रेझिन मऊ पडतं, दुसऱ्याने ठिसूळ होतं. दोन्ही एकाच वेळी चालू असतं.

१९८०च्या दशकात नासाच्या लँगली केंद्रात असे नमुने निर्वातात सुमारे १०० मेगाग्रे डोसपर्यंत नेले गेले. भूस्थिर कक्षेतल्या ३० वर्षांसाठी धरलेला हा डोस. नंतर ते आलटून पालटून खूप थंड आणि गरम केल्यावर, मारा न झालेल्या नमुन्यांपेक्षा त्यांच्यात बारीक तडे कितीतरी जास्त पडले.

आता साधं गणित करा. तुमच्या कोबाल्ट-६० गॅमा चेंबरमध्ये तासाला ५ किलोग्रे मिळत असतील, तर १०० मेगाग्रेला २०,००० तास लागतील. म्हणजे सव्वादोन वर्षं, अर्धी पीएचडी! इलेक्ट्रॉन अ‍ॅक्सिलरेटरवर दर १०० पट मिळाला तर २०० तासांत काम होईल. पण इतक्या वेगाने ऊर्जा ओतली की नमुना तापतो आणि तुम्ही मोजता तो परिणाम किरणांचा की उष्णतेचा, हेच कळत नाही. म्हणून नमुना थंड ठेवावा लागतो.

दुसरी अडचण हवेची. हवेत मारा केला तर ऑक्सिजन तुटक्या टोकांशी जुळतो, पृष्ठभागाचं ऑक्सिडेशन होतं. भूस्थिर कक्षेत हवा नाही. त्यामुळे नमुना निर्वातात ठेवा किंवा निर्वात काचनळीत सीलबंद करा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: मोजायचं काय? फायबरच्या दिशेने ताणून पाहिलंत तर भार फायबरच उचलतं. आकडा जवळपास तोच येतो आणि ‘मटेरियल सुरक्षित’ असं लिहून आपण मोकळे होतो! त्याऐवजी थरांमधली शिअर स्ट्रेंग्थ मोजा, डीएमएवर ग्लास ट्रान्झिशन तापमान बघा, थंड-गरम चक्रांनंतर मायक्रोस्कोपखाली तडे मोजा.

प्रपोजल लिहिताना डोसच्या आकड्यासोबत डोसचा दर, तापमान आणि निर्वात या तिन्हींची नोंद जरूर करा. त्यांच्याशिवाय नुसता डोस सांगून तुमच्या निकालाची कक्षेशी तुलना करता येत नाही.