मार्लीची लोखंडी सळई

आकाशातील वीज आणि प्रयोगशाळेतील विद्युत्-ठिणगी मुळात एकच आहेत, असे अनुमान बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४९ मध्ये टिपून ठेवले होते. प्रकाशाचा रंग, वाकडीतिकडी वाट, कडाका आणि गंधकासारखा वास ही साम्ये त्यांनी नोंदविली. परंतु साम्य हा पुरावा ठरत नाही, म्हणून उंच सळईचा प्रयोगही त्यांनी सुचविला, आणि तो फ्रान्समधील मार्ली-ला-व्हिल या गावी १० मे १७५२ रोजी प्रथम यशस्वी झाला.

तेथे दालिबार या अभ्यासकाने सुमारे ४० फूट उंचीची टोकदार लोखंडी सळई उभारली होती. तिचे खालचे टोक जमिनीत न पुरता दारूच्या बाटल्यांचे पाय असलेल्या फळीवर टेकविले होते आणि ती लाकडी खांबांना रेशमी दोऱ्यांनी बांधली होती. काच आणि रेशीम हे विसंवाहक, म्हणजे विद्युत्भार वाहू न देणारे पदार्थ असल्याने सळईवरील भार जमिनीत निघून जाऊ शकत नव्हता. प्रयोगाचे खरे मर्म या साध्या बाटल्यांतच होते.

दुपारी ढग गडगडले तेव्हा दालिबार पॅरिसमध्ये होते. राखणीला ठेवलेल्या क्वाफिए या निवृत्त सैनिकाने काचेच्या बाटलीत बसविलेली पितळी तार सळईजवळ नेताच चरचरत ठिणगी उडाली. गारांच्या माऱ्यातून धावत आलेल्या गावच्या धर्मगुरूंनी, रोले यांनी, सुमारे दीड इंच लांबीच्या निळ्या ठिणग्या पुन्हा पुन्हा काढल्या. त्यांच्या दंडावर छडीच्या फटक्यासारखा वळ उठला आणि अंगाला गंधकासारखा वास येऊ लागला.

सळईवर वीज कोसळली नव्हती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भारित ढगाच्या प्रभावाने सळईतील भार विभागले गेले, आणि तार जवळ येताच मधल्या हवेवरचा ताण दर सेंटिमीटरला सुमारे ३०,००० व्होल्टपर्यंत पोहोचला. एवढ्या ताणाखाली हवेतील मोकळे इलेक्ट्रॉन वेगाने रेणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सुटे करतात. या आयनीभवनामुळे एरवी विसंवाहक असलेली हवा क्षणभर वाहक बनते. आकाशातील विजेची वाट कित्येक किलोमीटर लांब असते आणि तिच्यातील हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापून झपाट्याने प्रसरण पावते, म्हणून कडाका ऐकू येतो. पण हवा फुटण्याचे मूळ कारण तेच आहे.

जमिनीशी न जोडलेली सळई किती घातक ठरते, हे १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे दिसले. गेऑर्ग रिखमान घरात आणलेल्या अशाच सळईजवळ मोजमाप करीत असता तिच्यातून निघालेल्या विद्युत्-झोताने जागीच मरण पावले. इमारतीवरील तडितरक्षकाचे काम याच्या उलट, म्हणजे भार जाड पट्टीवाटे थेट जमिनीत नेण्याचे असते. ती पट्टी गंजून तुटली तर छपरावर उरते ती मार्लीचीच सळई. म्हणून प्रत्येक पावसाळ्यापूर्वी तडितरक्षकाचे अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे.