गाडीची मागची काच फुटते तेव्हा

पडद्याचे दोन स्टीलचे रॉड, एवढ्यावरून हे सगळं रामायण घडलं. २०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. पुण्यात लेकीनं नवा फ्लॅट घेतला होता. साताऱ्याहून तिच्याकडे निघायचं म्हणून सकाळी आमच्या छोट्या गाडीत सामान भरत होतो. गाडी हॅचबॅक. म्हणजे हिला वेगळी डिकी नाही, मागचा अख्खा दरवाजाच काचेसकट वर उघडतो. तांदळाचं पोतं गेलं, आंब्याची पेटी गेली, राहता राहिले हे रॉड. ते तिरपे घातले आणि दरवाजा खाली ओढला. लागेना, म्हणून जरा जोर दिला. फटाक्यासारखा आवाज झाला, सगळी काच क्षणभर पांढरी पडली आणि गारांचा सडा पडावा तशी आंब्यांवर येऊन कोसळली.

पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस मी. मुलांना दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे हजारदा सांगितलेलं. रॉडचं टोक काचेच्या आतल्या बाजूला एका बिंदूवर टेकलं होतं आणि मी दरवाजाच्या तरफेनं तो दाब वाढवत होतो, हे मात्र काच खाली आल्यावर कळलं.

ही काच अशी का फुटते, हे आधी सांगतो, कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. गाडीची पुढची काच दोन पातळ काचांची असते आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा पडदा असतो. दगड लागला तर तिला तडा जातो, पण ती जागेवर राहते. या कल्पनेचं श्रेय एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाला देतात. १९०३ साली त्याच्या हातून एक चंबू खाली पडला, फुटला, पण विखुरला नाही. आत पूर्वी ठेवलेल्या सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा वाळून राहिला होता, त्यानं तुकडे धरून ठेवले होते. मागची काच सहसा अशी नसते, ती एकाच जाड काचेची आणि ‘टफन्ड’ असते. काच सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी थंड होऊन घट्ट होतो. आतला भाग मागाहून थंड होतो आणि आकसताना बाहेरच्या थराला आत ओढून धरतो. त्यामुळे बाहेरचा थर कायम दाबाखाली आणि आतला ताणाखाली राहतो. म्हणून ही काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत. पण एखादा चरा त्या वरच्या थरातून आतल्या ताणापर्यंत पोचला की संपलं. तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगानं सगळीकडे धावतो आणि कोंडलेला ताण एकदम सुटतो. सतराव्या शतकात इंग्लंडात राजपुत्र रूपर्टचे थेंब म्हणून काचेचे खेळ प्रसिद्ध होते. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडून ते करत. डोक्यावर हातोडी मारली तरी फुटत नसत, पण नाजूक शेपटी मोडली की सगळ्याचा भुगा! १६६१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांवर चर्चा झाली होती. आपण गाडीच्या मागे हाच थेंब ताणून, चपटा करून बसवलेला असतो.

तुकडे बोथट होतात हा त्याचा फायदा. आंबे आम्ही धुऊन खाल्ले नाहीत, हे जाता जाता सांगतो. पेटीच्या पेटी टाकून दिली. बारीक कण गवतात आणि सालीत अडकलेले दिसत नाहीत.

आता माझी दुसरी चूक. पहिली पैशांवर निभावली, ही निभावली नसती. सकाळचे साडेसात वाजले होते, दुकानं बंद होती, आणि लेकीकडे त्याच दिवशी वास्तुशांत. मी खतांच्या गोणीतला जाड प्लास्टिकचा कागद काढला, चिकटपट्टीनं मागच्या भोकावर लावला आणि निघालो. पुढे मी आणि सौभाग्यवती, मागे ब्याऐंशी वर्षांची आई आणि सात वर्षांची नात. ऊन वाढलं तसा एसी लावला आणि गारवा टिकावा म्हणून आतलीच हवा आत फिरवायचं बटण दाबलं. पाचवडच्या सुमाराला प्लास्टिक फडफडायला लागलं. भुईंजपर्यंत खालची पट्टी सुटली होती. नात म्हणाली, “आजोबा, डोकं दुखतंय.” मी म्हटलं, उन्हानं असेल. थोड्या वेळानं आई म्हणाली, “अरे, धुराचा वास येतोय, आणि ही बघ कशी गळून पडलीय.” सुरूरजवळ गाडी बाजूला घेतली. नात उतरल्या उतरल्या ओकली. झाडाखाली अर्धा तास बसल्यावर तिला हुशारी आली.

गाडी लागली असेल, असं सौभाग्यवती म्हणाली. असेलही. पण मी तिथं रस्त्याच्या कडेला उभा राहून विचार केला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. गाडी पुढे जाते तेव्हा हवा बाजूला सारत जाते. हॅचबॅकची पाठ उभी कापलेली असते, त्यामुळे तिच्या लगेच मागे कमी दाबाची, भोवरे फिरणारी पोकळी तयार होते. तुम्ही पाहिलं असेल, अशा गाड्यांच्या मागच्या काचेवर चिखलाचे आणि धुळीचे थर चढतात. म्हणून तर तिला मागेही वायपर देतात आणि लांब डिकीच्या गाडीला बहुधा देत नाहीत. धूळ जिथून येऊन चिकटते त्याच भोवऱ्यात सायलेन्सरचा धूर सुटत असतो. मागे भोक आणि आत बाहेरची ताजी हवा येणं बंद, अशी अवस्था असली की तो धूर मागच्या सीटवर येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. नव्या गाड्यांतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तो पुष्कळ कमी करतो, पण शून्य करत नाही, आणि आमची गाडी काही नवी नव्हती. या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्याला येतो तो वास धुरातल्या इतर वायूंचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, ग्लानी ही त्याची पहिली लक्षणं, आणि प्रवासात ती ऊन लागल्यावर खपून जातात.

तेव्हा काच फुटलेली गाडी लांबच्या प्रवासाला काढू नये. अगदी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायचीच असेल तर प्लास्टिक बाहेरून चारी बाजूंनी सलग पट्टीनं बंद करावं, बाहेरची हवा आत घेणारं बटण लावून पंखा पूर्ण वेगानं सोडावा आणि मागे कुणाला बसवू नये. नुसत्या बाजूच्या काचा उघडल्या की काम झालं असं वाटतं, पण त्या आतली हवा बाहेर ओढतात आणि तिची जागा घ्यायला मागूनच हवा येते. आम्ही सुरूरहून आईला आणि नातीला एसटीनं पुढे पाठवलं, सौभाग्यवती सोबत गेली. मी प्लास्टिक पुन्हा बांधलं आणि पंखा सोडून सावकाश एकटा आलो. खरं तर गाडी तिथंच ठेवायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी पुण्यात नाना पेठेत काचवाल्याकडे गेलो. तिथं जाईपर्यंत माझी कल्पना अशी, की खिडकीची तावदानं बसवतात तशी काच कापून बसवतील. टफन्ड काच कापता येत नाही, तिला नंतर भोकही पाडता येत नाही. कापायला गेलात की रूपर्टचा थेंब! तिचा आकार, बाक, वायपरचं भोक सगळं भट्टीत जायच्या आधीच व्हावं लागतं. म्हणून त्याच गाडीची, त्याच बनावटीची, त्याच सालातली काच मागवावी लागते. मिस्त्रींनी विचारलं, “काका, डीफॉगरवाली का साधी?” काचेवर तांबूस आडव्या रेषा असतात ना, तो डीफॉगर. चांदीचं प्रमाण असलेली ती छापील तार असते. बारा व्होल्टच्या विजेनं ती तापते आणि धुकं पुसते. काच घेताना कोपऱ्यातला छाप बघावा. भारतीय मानक आयएस २५५३ चा उल्लेख तिथं असायला हवा. शिवाय मागच्या काचेतून किमान सत्तर टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा मोटार वाहन नियम आहे, तेव्हा “फुकट काळी करून देतो” म्हणणाऱ्याला हात जोडावेत.

विम्याचा हिशेब तिथंच उभ्या उभ्या केला. सर्वंकष विमा असेल तर काचेवर घसारा धरत नाहीत, ही चांगली गोष्ट. पण लहान गाडीला पहिले एक हजार रुपये आपल्यालाच भरावे लागतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट जाते. ही सूट वाढत वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत पोचते आणि एका दाव्यानं ती शून्यावर येते, वेगळं संरक्षण घेतलं नसेल तर. माझा खर्च मजुरीसकट साडेपाच हजार होता. दावा केला नाही. तुमचं गणित वेगळं निघेल, पण ते करून बघा. फोटो मात्र काच उचलायच्या आधीच काढून ठेवा.

जुन्या गाड्यांत काच रबरी बीडिंगमध्ये बसवलेली असे. रबराच्या खाचेत दोरी घालायची, काच चौकटीला टेकवायची आणि आतून दोरी ओढत रबराची कड पत्र्यावर चढवायची. दोन माणसं अर्ध्या तासात काम संपवत. हल्लीची काच पॉलियुरेथेनच्या गमानं चिकटवलेली असते, आणि इथं घाई चालत नाही.

मिस्त्रींचा निम्मा वेळ सफाईत गेला. डिकीच्या दरवाजाचं आतलं प्लास्टिक काढलं तर आत ओंजळभर मणी निघाले. ते तसेच राहिले तर खडखड वाजतात हे एक, आणि दरवाजाच्या तळाशी पाणी वाहून जायला बारीक भोकं असतात, ती बुजली तर पाणी साठून पत्रा आतून गंजतो. स्टेपनीच्या खड्ड्यात, सीटच्या सांध्यांत, सीटबेल्टच्या गुंडाळीत, सगळीकडे व्हॅक्यूम क्लीनरची नळी फिरली. मी घड्याळ बघत होतो. ते बघून मिस्त्री म्हणाले, “काका, काच बसवायला वीस मिनिटं लागतात. बाकीचं काम हेच आहे.”

मग जुना गम. मला वाटलं तो खरवडून पत्रा लख्ख करतील. तसं करत नाहीत. एक-दोन मिलिमीटरचा थर सपाट कापून ठेवतात, नवा गम त्यावर उत्तम धरतो. पत्र्याला कुठे ओरखडा गेला तर तिथं आधी प्रायमर, नाहीतर गंज गमाखालून सरकत जातो. नव्या काचेच्या कडेला काळा पट्टा असतो, तोही शोभेचा नव्हे. गमाला उन्हापासून तो वाचवतो. त्यावर प्रायमर फिरवून, नळीचं तोंड तिरकं कापून गमाची उभी त्रिकोणी वळी न तोडता सगळीकडे घालायची, आणि रबरी वाट्यांनी उचललेली काच एकाच बेतानं बसवायची.

शेजारच्या दुकानात मला निम्म्या पैशांत सिलिकॉन लावून देतो म्हणाले होते, न्हाणीघराच्या फटींना लावतात तसलं. ते पाणी अडवेल, पण काचेला पॉलियुरेथेनसारखं धरून ठेवणार नाही. शिवाय पत्र्यावर सिलिकॉनचा अंश राहिला की पुढे योग्य गमही त्यावर चिकटत नाही.

काच बसली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. किल्ली मागितली तर मिस्त्री म्हणाले, “उद्या सकाळी या.” हा गम रंगासारखा वाळत नाही, हवेतला ओलावा शोषून तो पिकतो. त्यामुळे दमट हवेत लवकर आणि कोरड्या थंडीत उशिरा. किती तास, ते नळीवर छापलेलं असतं आणि तेच धरावं. वाद घातला असता तर त्यांनी गाडी दिलीही असती. सुरूरचं झाड डोळ्यांपुढे होतं, मी रिक्षानं परत आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डीफॉगर लावून दाखवला, काचेवर फुंकर मारली तर रेषांवरची वाफ आधी गेली. वायपर चालला, वरचा ब्रेकचा दिवा लागला. दोन दिवस एक खिडकी बोटभर उघडी ठेवायला सांगितलं. सगळ्या काचा बंद करून दार आपटलं की आतली हवा नव्या काचेला बाहेर ढकलते. गाडी धुवायची तीही दोन-तीन दिवसांनी आणि जोराच्या फवाऱ्यानं नाही. डीफॉगरच्या रेषांवर ब्लेड कधीच नाही. एक रेष तुटली की तेवढी पट्टी कायमची धुकट.

जूनअखेरीस साताऱ्यात पहिला दमदार पाऊस झाला, तेव्हा आतून खालचे दोन्ही कोपरे चाचपून पाहिले. कोरडे होते. स्टेपनीच्या खड्ड्यात मात्र आणखी तीन मणी सापडले. आणि ते रॉड? लेकीच्या खिडकीला चार इंच लांब झाले. टेंपोनं परत आले.