सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना कोणतं समाजशास्त्र कामाचं?
ऑफिसात नवं सॉफ्टवेअर येतं, तरी लोक एक्सेलमध्येच काम उरकतात. का? समाजशास्त्रज्ञ ब्रुनो लातुर वस्तूंनाही कर्त्यांत धरतात. फॉर्ममधला सक्तीचा रकाना कारकुनाला काय करायला लावतो, हे त्यातून कळतं. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी मांडलेला चारचौघांतल्या आणि पडद्यामागच्या वागण्यातला फरक प्रायव्हसी सेटिंग्जपुरता कामी येतो. खरा उपयोग लूसी सचमन यांचा. समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड गार्फिंकेल यांच्या विचारावर उभ्या राहिलेल्या या संशोधिकेने झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत, फोटोकॉपी यंत्राशी झगडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण केलं. यंत्र ठरलेल्या पायऱ्यांची वाट पाहत होतं. माणसं मात्र समोर दिसेल तसं पुढचं पाऊल ठरवत होती. सचमन यांच्या १९८७च्या पुस्तकात हे सविस्तर आहे. म्हणून रिक्वायरमेंट लिहिण्याआधी वापरणाऱ्याच्या शेजारी बसा आणि त्याचं काम नीट पाहा.