आमसूल आमटीत बरं, बाटलीत नको

आपल्या मंडळींचा झाडपाल्यावर फार विश्वास. हळद, सुंठ, आवळा, हिरडा यांवर वाढलेली माणसं आपण! अमेरिकेत आलो तरी बाटलीवर ‘हर्बल’ हा शब्द दिसला की हात आपोआप पुढे जातो. त्यातून फळ ओळखीचं निघालं तर विचारायलाच नको. वजन उतरवण्यासाठी विकली जाणारी ‘गार्सिनिया कंबोजिया’ची गोळी अशीच घरची वाटते, कारण हे फळ म्हणजे आपल्या कोकमाचं चुलत भावंड.

कोकणात कोकमाची साल रसात भिजवून उन्हात वाळवली की आमसूल तयार होतं. केरळात या दुसऱ्या फळाची साल वाळवून ‘कुडमपुळी’ म्हणून माशांच्या कालवणात घालतात. हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल हे दोन्हींत असतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९६५ साली कुडमपुळीतलं मुख्य आम्ल हेच, असं दाखवून दिलं. शरीरात साखर-पिठापासून चरबी बनवणाऱ्या एका एन्झाइमला ते अडवतं. उंदरांवर प्रयोग झाले, त्यांची भूक कमी झाली, आणि पुढे त्यातूनच या गोळीचा धंदा उभा राहिला.

आम्ही डॉक्टर नव्हे, इंजिनीयर. कागदावर चालणारं यंत्र प्रत्यक्षात चालेलच असं आम्ही कधी धरून चालत नाही, चाचणी पाहतो. ती झालेली आहे. १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. १३५ लठ्ठ माणसं घेतली. काहींना रोज १५०० मिलिग्रॅम हे आम्ल, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. आहार दोघांनाही सारखाच, कमी उष्मांकाचा. बारा आठवड्यांनी गोळीवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलोंनी उतरलं, आणि पोकळ गोळीवाल्यांचं ४.१ किलोंनी! हा फरक योगायोगाचा मानण्याइतकाच होता, पण वजन उतरलं ते जेवण कमी केल्यामुळे, एवढं त्यातून कळलं. तरीही २०१२च्या सुमारास डॉ. ऑझ यांच्या टीव्ही कार्यक्रमामुळे या गोळीला मोठी मागणी आली. २०१४ साली सिनेटच्या एका उपसमितीने त्यांना अशा स्तुतीबद्दल जाबही विचारला.

“फायदा नसेना का, फळच तर आहे, तोटा काय होणार?” हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. मळमळ, जुलाब, डोकेदुखी या लहान तक्रारी सोडून देऊ. खरी काळजी यकृताची. अमेरिकेत औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजांची नोंद ठेवणारं डॉक्टरांचं एक जाळं आहे. २००४ ते २०१८ या काळातल्या त्यांच्या नोंदींत गार्सिनियाशी संबंध जोडता येईल असे २२ रुग्ण सापडले. बहुतेकांच्या गोळीत ग्रीन टीचा अर्कही होता. या रुग्णांमध्ये एक विशिष्ट जनुक नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त प्रमाणात आढळलं. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर २०२५ साली ही गोळी घेऊच नका असं सांगून टाकलं.

घेणाऱ्यांची संख्या पाहता २२ हा आकडा लहान आहे, हे कबूल. पण आपलं जनुक कोणतं, हे बाटली उघडताना कुणाला ठाऊक असतं? शेजारणीला काही झालं नाही म्हणून आपल्यालाही होणार नाही, असा हिशेब इथे लागू पडत नाही. फायदा जवळजवळ शून्य आणि पणाला लागलंय यकृत, असा सौदा कोण करील?

मग आमसुलाचं काय? आमटीच्या पातेल्यात चार-पाच आमसुलं पडतात आणि ती सगळ्या घरात वाटली जातात. गोळीत अर्क काढून आम्ल एकवटलेलं असतं आणि ते एकच माणूस दिवसातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने घेतो. तेव्हा सोलकढी खुशाल प्या!

आणखी एक. १९९४च्या कायद्यामुळे अमेरिकेत अशा गोळ्यांना विक्रीपूर्वी सरकारी मंजुरी लागत नाही. बाजारात आल्यावर अपाय दिसला, तरच एफडीए हात घालते. त्यामुळे दुकानात मिळते म्हणजे कुणीतरी तपासलेली असणार, हा समज सोडून द्यावा.

विशेष जपायला हवं ते भारतातून आलेल्या आई-बाबांना. त्यांच्या मधुमेहाच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आधीच चालू असतात. डॉक्टरांनी “आणखी काय घेता?” विचारलं की बाटलीचं नाव कुणी काढत नाही, कारण “ते कुठे औषध आहे?” तेव्हा सगळ्या बाटल्या पिशवीत घालून बरोबर न्याव्यात हे उत्तम. नैराश्यावरचं औषध चालू असणाऱ्यांनी, गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, आणि यकृताचा पूर्वी त्रास झालेल्यांनी ही गोळी घेऊच नये.

घरात कुणी ती घेत असेल आणि अन्नावरची वासना उडाली, फार थकवा आला, अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी त्या दिवशीच बंद करावी. डॉक्टरांकडे जाताना बाटली न्यावी आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. एफडीएच्या ‘मेडवॉच’कडे आपल्यालाही तक्रार नोंदवता येते, ती जरूर नोंदवावी, म्हणजे पुढच्या माणसाला सावध करता येईल.