कोळंबीच्या ताटातील तारली

तारली हा गरिबांचा मासा. कोकणात आणि गोव्यात ती स्वस्त झाली की घरोघरी तिचे कालवण होते. पण किनाऱ्यावर उतरलेली सगळीच तारली माणसाच्या ताटात जात नाही. बरीचशी कारखान्यात जाते. तेथे ती शिजवून, दाबून, तेल व पाणी काढून, वाळवून दळतात. या पिठात ६० टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात आणि ते तळ्यात वाढवलेल्या माशांच्या व कोळंबीच्या खाद्यात मिसळले जाते.

थोडे गणित करू. साधारण साडेचार किलो ओल्या मासळीपासून १ किलो पीठ मिळते. १ किलो कोळंबी वाढवायला दीड किलो खाद्य लागते आणि त्यात पाव हिस्सा हे पीठ आहे असे धरले, तर पीठ झाले ३७५ ग्रॅम आणि त्यासाठी लागलेली मासळी सुमारे १ किलो ७०० ग्रॅम! १९९०च्या दशकात खाद्याचे प्रमाण साधारण असेच असे. पीठ दहाव्या हिश्श्यावर आणले, तर हाच आकडा पाऊण किलोच्याही खाली येतो. आज पुष्कळ खाद्ये या प्रमाणाच्या आसपास आली आहेत. पण तेथवर येणे सोपे नव्हते.

प्रश्न पैशाचाही आहे. २००९ साली व्हानामेई या अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील कोळंबीच्या शेतीला भारतात परवानगी मिळाली आणि आंध्र प्रदेशात ती झपाट्याने पसरली. या शेतीत निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावर होतो. आणि मासळी तर लहरी. केरळमध्ये २०१२ साली सुमारे ४ लाख टन तारली मिळाली होती; २०२१ मध्ये साडेतीन हजार टनही मिळाली नाही. मासळीच्या पिठाचा सर्वांत मोठा उत्पादक पेरू. तेथे २०२३ साली एल निनोमुळे मासेमारीचा पहिला हंगामच रद्द झाला.

मग सोयाबीन का नको? विदर्भ-मराठवाड्यात ते मुबलक पिकते आणि तेल काढून उरलेल्या पेंडीत ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. अडचण अशी, की कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी द्रव्ये असतात. योग्य उष्णता दिली की ती निकामी होतात. ती निकामी झाली की नाही हे कारखान्यात एका युक्तीने तपासतात आणि तो प्रयोग शाळेतही करता येतो. सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे दुसरे विकर असते. तेही उष्णतेने नष्ट होते. दोन पेल्यांत युरियाचे द्रावण घ्या. एकात कच्च्या सोयाबीनचे पीठ टाका, दुसऱ्यात अर्धा तास उकडून वाळवलेल्या सोयाबीनचे. कच्च्या पिठाच्या पेल्यात थोड्या वेळाने अमोनिया तयार होऊन तांबडा लिटमस निळा होतो. दुसऱ्यात तो तांबडाच राहतो.

एवढ्याने भागत नाही. सोयाबीनमध्ये मेथिओनीन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. ते बाहेरून घालावे, तर कोळंबी खाद्याची गोळी गिळत नाही. पायांत धरून सावकाश कुरतडत बसते. तेवढ्या वेळात विरघळणारे मेथिओनीन पाण्यात निघून जाते! म्हणून ते आवरण देऊन किंवा कमी विरघळणाऱ्या रूपात घालावे लागते.

आणखी एक गोष्ट आम्हाला नेहमी गमतीची वाटते. ज्या कोलेस्टेरॉलला आपण भितो, ते कोळंबीला खाद्यातूनच मिळावे लागते, कारण तिला ते शरीरात बनवता येत नाही. कात टाकायला लावणारे तिचे संप्रेरक त्यापासूनच तयार होते. वनस्पतींत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसते. मासळीच्या पिठात ते आपोआप येते. पीठ कमी केले की हजारात एक-दोन भाग कोलेस्टेरॉल वेगळे घालावे लागते आणि ते बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून काढलेले असते. तारली वाचवायला मेंढी धावली म्हणायची!

शिवाय वास आहेच. कोळंबी गढूळ पाण्यात अन्न शोधते ते स्पर्शिकांवरील व पायांवरील गंधग्राही केसांच्या मदतीने. नुसत्या पेंडीच्या गोळ्या ती ओळखतच नाही असे नव्हे, पण रेंगाळते. गोळी पडून राहिली की खाद्य वाया जाते आणि तळ्याचा तळ कुजतो. म्हणून माकुलाचे किंवा क्रिलचे थोडे पीठ वासापुरते घालतात.

अलीकडे काळ्या सैनिक माशीच्या अळ्यांचे नाव पुष्कळ ऐकू येते. भाजीपाल्याच्या कचऱ्यावर त्या भराभर वाढतात, आणि २०१७ पासून युरोपीय संघाने मत्स्यखाद्यात कीटकांच्या प्रथिनांना परवानगी दिली आहे. मात्र त्यांच्या प्रथिनांचा आकडा जपून वाचावा. प्रयोगशाळेत आपण प्रथिने मोजत नाही, नायट्रोजन मोजतो. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरून त्याला ६.२५ने गुणतो. पण अळीच्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, आणि तो प्रथिनांच्या खात्यावर जमा होतो! म्हणून कीटकांसाठी ४.७६ हा गुणक सुचवला गेला आहे. चिठ्ठीवर ५० टक्के लिहिलेले प्रथिन या गुणकाने ३८ टक्के भरते. अळ्यांचे पीठ विकत घेणाऱ्याने भाव विचारण्याआधी गुणक विचारावा.