दिवस बुडाल्यावरचे आकाश

दिवस बुडाला की आपण पश्चिमेकडे पाठ फिरवतो. बैल गोठ्यात जातात, दिवेलागण होते, आणि आकाशाचा खेळ संपला असे आपण धरून चालतो. खरे म्हणजे खेळाचा चांगला भाग पुष्कळदा तेव्हाच सुरू होतो, आणि तोही पूर्वेला! त्यासाठी दुर्बीण लागत नाही. उघडे आकाश आणि अर्ध्या तासाची सवड, एवढे पुरे.

प्रथम सूर्याचेच पाहू. क्षितिजाला टेकलेला सूर्य आपल्याला दिसतो, त्या क्षणी तो वास्तविक मावळून गेलेला असतो. हवेच्या थरांतून येताना प्रकाश वाकतो आणि खाली गेलेला सूर्य आपल्याला वर उचलून दाखवतो. हे उचलणे जवळजवळ सूर्याच्या बिंबाएवढे आहे, म्हणजे आपल्याकडे साधारण अडीच मिनिटांचा दिवस आपल्याला फुकट मिळतो. बिंबाची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून मावळता सूर्य बसक्या गाडग्यासारखा चपटा दिसतो.

हवा प्रकाश वाकवते, पण सगळे रंग सारखे वाकवत नाही. तांबडा कमी वाकतो, हिरवा-निळा जास्त. त्यामुळे बुडणाऱ्या बिंबाच्या अगदी वरच्या कडेला हिरव्या रंगाची बारीक किनार राहते. निळा रंग वाटेतच हवेत विखरून जातो. हवा स्वच्छ आणि क्षितिज सपाट असेल, तर शेवटचा ठिपका बुडताना एक-दोन सेकंद पाचूसारखा हिरवा चमकतो. हाच तो ‘हिरवा किरण’. ज्यूल व्हर्न याने १८८२ साली त्याच नावाची कादंबरी लिहिली आणि तेव्हापासून लोक त्याच्या मागे लागले आहेत. दक्षिण ध्रुवाकडे सूर्य क्षितिजावरून तिरपा घसरत जातो. तिथे १९२९ साली अमेरिकन संशोधक बर्ड यांच्या तुकडीने तो अधूनमधून पस्तीस मिनिटे पाहिल्याची नोंद आहे.

नाकाडोंगरीच्या माणसाने मात्र या किरणाची फार आशा धरू नये. तुमसर तालुक्याच्या या टोकाला सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्या आडव्या येतात, वर शेतातली आणि खाणींच्या रस्त्यांवरची धूळ. हिरवा किरण पाहायचा तर दिवाळीनंतर कोकणचा किनारा गाठावा. आणि कुठेही पाहा, पण एक गोष्ट विसरू नका. बिंब जवळजवळ पूर्ण बुडेपर्यंत त्याच्याकडे टक लावायची नाही, दुर्बिणीतून तर मुळीच नाही. डोळ्याच्या पडद्याला दुखण्याची जाणीवच नसते. तो भाजतो तेव्हा काही कळत नाही. कळते ते नंतर, वाचताना अक्षराच्या मधोमध डाग येतो तेव्हा. मुलांना हे आधी सांगावे आणि मग बाहेर न्यावे.

आता पूर्वेकडे वळा. सूर्य गेल्यावर पाचेक मिनिटांत पूर्वेच्या क्षितिजावर एक निळसर-करडा पट्टा वर येऊ लागतो. लोक त्याला धुके किंवा ढग समजतात. ती आहे आपल्या पृथ्वीची सावली! हवेवर पडलेली. तिच्या वर गुलाबी रंगाची झालर असते. तिला ‘शुक्राचा पट्टा’ म्हणतात, शुक्राशी तिचा संबंध काही नाही. पश्चिमेकडून हवेतून लांबवर आलेला तांबूस प्रकाश समोरच्या हवेवर पडून आपल्याकडे परत येतो, त्याची ती लाली. पंधरा-वीस मिनिटांत सावली वर चढते आणि रात्रीत मिसळून जाते. हीच सावली पुढे अवकाशात सुमारे चौदा लाख किलोमीटर पसरलेली आहे आणि चंद्रग्रहणात चंद्रावर पडते. कोजागिरीला दूध उकळायला अजून अवकाश असतो, त्या वेळी पूर्वेला उभे राहून पाहावे. उगवता चंद्र या सावलीच्या आणि लालीच्या आसपासच वर येतो.

याहून दुर्मीळ म्हणजे पूर्वेला मिळणारे किरण. पाऊस सरता सरता, भाद्रपद-आश्विनात, कधी कधी पश्चिमेकडून पंख्यासारखे किरण फुटतात, डोक्यावरून जातात आणि पूर्वेला पुन्हा एका बिंदूत येऊन मिळतात. पाहणाऱ्याला वाटते, पूर्वेलाही एक सूर्य लपला आहे की काय. उलगडा रेल्वेच्या रुळांत आहे. तुमसरहून गोबरवाहीवरून तिरोडीकडे जाणारा फाटा या भागातल्या सगळ्यांच्या परिचयाचा. फाटकापाशी, रस्त्यावरूनच, दोन्हीकडे नजर टाका. सरळ रूळ एका बाजूलाही मिळताना दिसतात आणि दुसऱ्या बाजूलाही. प्रत्यक्षात ते कुठेच मिळत नाहीत. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरांवर, म्हणून त्याचे किरणही रुळांसारखे समांतर. मिळतात ते आपल्या डोळ्यांत. मधले काळे पट्टे म्हणजे ढगांच्या सावल्या. तो ढग दूर मेळघाटावर उभा असेल आणि टेकडीआड असल्यामुळे आपल्याला दिसणारही नाही.

प्रतिसूर्य हा प्रकार आपल्या पूर्वजांना चांगला ठाऊक होता. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत परिवेष, म्हणजे खळे, आणि प्रतिसूर्य यांना वेगवेगळे अध्याय आहेत. त्यात त्याने राजांचे भलेबुरे सांगितले आहे ते सोडून द्या; पण माणसे आकाश किती बारकाईने पाहत होती हे त्यावरून कळते. सूर्य खाली आला असता हात लांब करून वीत ताणावी. अंगठा सूर्यावर ठेवला, तर करंगळी जिथे येते साधारण तिथे, सूर्याच्या उजवीकडे किंवा डावीकडे तेवढ्याच उंचीवर, रंगीत तेजाचा ठिपका दिसतो. तांबडी बाजू सूर्याकडे. आठ-दहा किलोमीटर उंचीवरच्या पिसासारख्या ढगांत बर्फाचे षट्कोनी कण तरंगत असतात, ते हा प्रकाश बावीस अंशांतून वळवतात. खाली नाकाडोंगरीत मे महिन्याचे ऊन तापलेले असले, तरी दहा किलोमीटर वर शून्याखाली तीस अंशांच्या आसपास थंडी असते!

धानवाल्या शेतकऱ्याला या ठिपक्यात आणि खळ्यात अधिक रस असावा. आश्विन-कार्तिकात हलके धान कापले जाते आणि कडपा बांधीतच वाळत पडलेल्या असतात. याच दिवसांत बंगालच्या उपसागरात वादळे उठतात. पावसाच्या पुष्कळ आधी, शेकडो किलोमीटर पुढे, त्यांचे पातळ बर्फाळ ढग पसरतात आणि त्यांत खळे पडते. खळे पडले म्हणजे पाऊस येणारच असे मुळीच नाही. तसले ढग इतर कारणांनीही येतात. पण खळे दिसले आणि दुसऱ्या दिवशी आभाळ दाटत गेले, तर हवामान खात्याचा अंदाज ऐकल्याशिवाय पुढची बांधी कापायला घेऊ नये, आणि कापलेल्या कडपा बांधून पुंजणे घालण्याची तयारी ठेवावी. भिजलेल्या धानाला कोंब फुटतात, मग त्याला भाव कुठला?

शेवटी त्या संध्याकाळी, ज्या साऱ्या जगाने पाहिल्या. जावा आणि सुमात्रा यांच्यामधला क्राकाटोआ ज्वालामुखी २६-२७ ऑगस्ट १८८३ रोजी फुटला. सप्टेंबरात मद्रासकडे आणि सिंहलद्वीपात उगवता-मावळता सूर्य हिरवा-निळा दिसला. नोव्हेंबरात ती लाली युरोप-अमेरिकेत पोहोचली, आणि अमेरिकेतल्या पोकिप्सी गावात आग लागली समजून बंब धावले! लंडनच्या रॉयल सोसायटीने १८८८ साली यावर जाडजूड अहवाल काढला. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्सचा पिनाटुबो आणि जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळचा समुद्रातला ज्वालामुखी फुटला, तेव्हाही पुष्कळ देशांतल्या संध्याकाळी जांभळ्या झाल्या. असल्या स्फोटातली वाफाळ गंधकी धूळ वीस किलोमीटरांहून उंच जाते. खाली अंधारले तरी तिच्यावर ऊन असते. तिची लाली वरच्या निळाईत मिसळली की जांभळा रंग होतो. तो सूर्यास्तानंतर लगेच दिसत नाही. पंधरा-वीस मिनिटे थांबावे लागते, बहुतेक लोक घरात गेलेले असतात तेव्हा.