उरलेला एक पावसाळा

पहाटे ५.२०

नाशिकच्या हिरावाडीत थंडीच्या दिवसांत मला जाग येते ती वासानं. शेजारच्या घरामागे बंब पेटलेला असतो. त्यात नारळाच्या शेंड्या, लाकडाचा भुसा, कधी तुटकी चप्पलसुद्धा. कोपऱ्यावर रखवालदाराची शेकोटी. जानेवारीत धूर वर चढत नाही. जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचं झाकण बसतं आणि सगळं अंगणातच साचून राहतं. मी वहीत टिपते : बंब दोन, शेकोटी एक, वारा नाही.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं हवा मोजणारं एक स्वयंचलित केंद्र याच हिरावाडीत आहे. हवेत काय आहे, ते यंत्र सांगतं. ते कुणाच्या छातीत किती गेलं आणि तिथं त्यानं काय केलं, हे शोधायला माणसांपर्यंत जावं लागतं.

६.३०

दिंडोरी रोडवरचं मार्केट यार्ड. गाड्या लागलेल्या, काहींची इंजिनं चालूच. आमची प्राथमिक पाहणी सुरू आहे. मोठ्या अभ्यासाला निधी मागण्याआधी पद्धत जमते का, ते बघायचं. क्षेत्रकाम करणारी ताई श्वासमापक घेऊन माझ्याआधीच येऊन बसली आहे.

"दादा, नळी ओठांत घट्ट धरा. पूर्ण श्वास घ्या. आता फुंका! फुंका, फुंका, अजून, अजून, अजून..."

सहा सेकंद फुंकायचं असतं. समोरच्या हमालदादांना चौथ्या सेकंदाला खोकला आला. दुसऱ्या वेळी तिसऱ्यालाच. तीन नीट फुंका मिळाल्याशिवाय नोंद धरता येत नाही.

"ताई, आत्ताच गाडी खाली केली. दम तर बसू द्या."

चूक आमची होती. विश्रांतीची वेळ आम्ही कागदावर लिहिली होती, यार्डात पाळली नाही. आजची नोंद रद्द केली. मग मी बिडीचं विचारलं, ते नाही म्हणाले. मी चहा आणायला वळले तेव्हा त्यांनी ताईला सांगितलं, दिवसाला सहा होतात. ती याच भागातली, तिची आणि त्यांच्या घरच्यांची ओळख. हा सहाचा आकडा हाती नसेल, तर बिडीनं केलेलं नुकसान आम्ही ट्रकच्या धुराच्या नावावर मांडून मोकळे होऊ.

९.००

शाळेच्या गच्चीवरच्या नमुना-यंत्रातून कालची गाळणी काढायची. टेफ्लॉनची पांढरी चकती, ४७ मिलिमीटरची, पाण्याच्या बाटलीच्या झाकणाहून मोठी. चिमट्यानं कडेलाच धरायची. बोट लागलं की घामाचं वजन धुळीत मिसळलं. चोवीस तासांत हे यंत्र सुमारे २४ घनमीटर हवा ओढतं. हवेत पीएम २.५ ही सूक्ष्म धूळ भारतीय दैनिक मर्यादेइतकी, म्हणजे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल, तर चकतीवर जमा होतं जेमतेम दीड मिलिग्रॅम. मिठाची चिमूट याहून कितीतरी जड. तेवढ्यानंच चकती राखाडी झालेली असते. ती डबीत ठेवली, वेळ लिहिली, डबी थंड पेटीत. वजन आणखी एका दिवसानं, ठरावीक तापमानाच्या खोलीत मुरल्यावर.

११.१५

नव्या प्रस्तावाच्या खर्चाचा तक्ता. दिवसातलं सगळ्यात अवघड काम हेच.

गेल्या वर्षी एका निधी देणाऱ्या संस्थेकडून आमचा प्रस्ताव परत आला. यंत्रांच्या किमतीला हरकत नव्हती. शेरा होता मनुष्यबळावर : चार क्षेत्र-सहायकांऐवजी एक ठेवावा, पाठपुरावा फोनवरून करावा. फोनवरून श्वासमापकात फुंकता येत नाही. सहा बिड्यांचा कबुलीजबाबही फोनवर मिळत नाही.

अमेरिकेतल्या सहा शहरांच्या ज्या अभ्यासानं सूक्ष्म धूळ आणि मृत्यू यांचा संबंध १९९३ मध्ये दाखवून दिला, त्यात आठ हजारांवर माणसांचा माग चौदा ते सोळा वर्षं ठेवला होता. यंत्र एकदा घेतलं की झालं. माणसाकडे मात्र पुन्हा पुन्हा जावं लागतं.

आमची मांडणी साधी आहे. मार्केट यार्डातले हमाल, पंचवटी कारंजावरचे रिक्षावाले, रामकुंडाजवळचे फूलवाले, मिळून दीडशे जण. प्रत्येकाची तुलना दुसऱ्याशी नाही, त्याची स्वतःशीच. म्हणजे उंची, चूल, लहानपणीचं आजारपण हे फरक आपोआप बाजूला पडतात.

पण कधीची तुलना कधीशी? इथं गोदाकाठचं पंचांग मधे येतं. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, ऐन पावसाळ्यात. पावसानं हवा धुतली जाते, एरवी ते आपले स्वच्छ महिने. गर्दीच्या दिवसांची बरोबरी आजच्या जानेवारीशी लावली, तर सिंहस्थात लोकांची छाती सुधारली असा उलटा निष्कर्षही निघेल! पावसाळ्याची तुलना पावसाळ्याशीच हवी, आणि सिंहस्थाआधीचा पावसाळा आता एकच उरला आहे. रस्ते, घाट, पूल यांच्या कामांची धूळ वेगळी. ती कोरड्या महिन्यांत उडणार, तिची मोजणी या थंडीपासूनच.

२०१५ च्या सिंहस्थात तपोवनातल्या एका दवाखान्यात मी ड्यूटी केली होती. खोकल्याचे रुग्ण रांगेनं येत. वाढले की नेहमीचेच, हे सांगायला आधीची एकही नोंद माझ्याजवळ नव्हती. तो पावसाळा परत मिळाला नाही. म्हणून तक्त्यात मी आज ठळक लिहिलं : निधी जूनआधी लागेल, नंतर आला तर निम्मा अभ्यास करता येणार नाही. एक श्वासमापक कमी केला. सहायक चारच ठेवले.

२.००

नीती समितीपुढे संमतीपत्र. एका सदस्यानं विचारलं, कुणाची फुफ्फुसं खरंच खराब निघाली तर पुढं काय? प्रश्न रास्त आहे. संशोधनाच्या पैशातून उपचार करता येत नाहीत, पण कागद हातात देऊन माणसाला वाऱ्यावर सोडता येत नाही. दोन आठवड्यांवरचा खोकला असेल तर थुंकीची क्षयरोग तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, तिथं ताई सोबत जाईल. श्वासाचा पंप सरकारी दवाखान्यातून सुरू करून द्यायचा. संमतीपत्रातला ‘सहभागी व्यक्तीस संभाव्य लाभ’ हा परिच्छेद काढून टाकला. त्या जागी लिहिलं : तुमच्या छातीची तपासणी होईल, निकाल तुम्हाला समजावून सांगू.

४.००

राजीव गांधी भवन, महापालिकेचं मुख्यालय. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला, नाशिक त्यातलं एक शहर. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं २०२४ मध्ये दाखवलं की देशभरात त्यातल्या निधीचा ६४ टक्के भाग रस्त्यावरची धूळ दाबण्यात गेला. धूळ झाडायलाच हवी. पण बंबाचा, डिझेलचा, जळत्या कचऱ्याचा बारीक धूर झाडूला सापडत नाही, आणि छातीत खोलवर तोच जातो.

इथं मी पैसे मागायला आले नव्हते. मला हवी होती पंचवटीतल्या खोदाईची यादी, कुठला रस्ता कधी उकरणार याची. टेबलापलीकडच्या अभियंत्यांनी दहा मिनिटांत काढून दिली आणि विचारलं, "मॅडम, आमचे कामगार घेणार का यात?" मला सुचलंच नव्हतं. खडी टाकणाऱ्या, डांबर ओतणाऱ्या माणसांइतकी धूळ कोण खातं? दीडशेतले तीस त्यांच्यासाठी राखले.

७.४५

विद्यार्थ्यानं लिहिलेली प्रस्तावना तपासली. पहिलंच वाक्य : २०१९ मध्ये भारतात हवेच्या प्रदूषणामुळे १६.७ लाख मृत्यू. आकडा लॅन्सेटच्या नियतकालिकातला आहे, बरोबर आहे. पण तो ज्या धोक्याच्या वक्ररेषांवरून काढतात, त्यांमागचे दीर्घकाळचे अभ्यास बहुतेक परदेशातल्या माणसांवर झालेले. त्याला म्हटलं, हेच वाक्य दुसरं घे, आणि पहिलं वाक्य यार्डातल्या सकाळचं लिही.

९.५०

जोडपत्रं चढवली. शेवटच्या पानावर कारण द्यायचं होतं : चार सहायक का? शब्दमर्यादा शंभर. सहा बिड्यांची गोष्ट नाव न घेता लिहिली, ब्याण्णव शब्दांत बसली.

फोन वाजला. हमालदादा.

"ताई, उद्या फुंकायला सहाला येऊ का सातला?"

"गाडी किती वाजता येते तुमची?"

"साडेसहाला."

"मग सहालाच या, गाडीच्या आधी. चहा आमच्याकडे."